दहा शब्दांची परीक्षा: सीमाभागातल्या वाचनालयासाठी कोहा कसं आहे?

ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर ठरवण्याआधी ते दाखवायला आलेल्या माणसाला शोधाच्या चौकटीत दहा शब्द टाइप करायला सांगावेत. दऱ्या, ऱ्हास, ॲलोपॅथी, क्षितिज, ज्ञान, संत, नाव, कोल्हापूर, बेळगाव, आणि दहावा कन्नड लिपीतला कुठलाही. आधी या शब्दांची प्रत्येकी दोन-तीन पुस्तकं नोंदवून घ्यायची आणि मग शोधायची. रंगीत पडदे, आलेख, मोबाइल ॲप हे सगळं नंतर बघू. मराठी-कन्नड वाचनालयाचं सॉफ्टवेअर इथे पास किंवा नापास होतं.

कोहा हे ग्रंथालयाचं खुलं सॉफ्टवेअर या परीक्षेत नुसतं बसवलं तर नापास होतं. नीट बसवलं तर दहापैकी सात-आठ शब्द काढून देतं. उरलेले दोन-तीन माहिती भरणाऱ्याच्या हातात असतात. तरीही बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या पाच ते पन्नास हजार पुस्तकांच्या वाचनालयाला आज दुसरं काही सुचवावंसं वाटत नाही. त्याची कारणं आणि अडचणी दोन्ही सविस्तर सांगण्यासारख्या आहेत.

कोहाचा जन्म न्यूझीलंडमधला. १९९९ साली तिथल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टचं जुनं सॉफ्टवेअर सन २००० च्या तारखांना टिकणार नव्हतं, म्हणून त्यांनी नवीन लिहून घेतलं आणि जानेवारी २००० मध्ये वापरायला काढलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेटवस्तू. मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे, परवाना शुल्क शून्य. दर वर्षी मे आणि नोव्हेंबर महिन्यात नवी आवृत्ती येते आणि आवृत्तीच्या क्रमांकातच साल-महिना असतो: २४.११ म्हणजे नोव्हेंबर २०२४.

पर्याय दोन आहेत. केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय सरकारी ग्रंथालयांसाठी सोयीचं आहे. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट संस्थेचं सोल महाविद्यालयांत चालतं, आणि त्यासाठी पैसे मोजावे लागतात. सीमाभागातली बहुतेक मराठी वाचनालयं यातल्या कुठल्याच खात्यात बसत नाहीत. कर्नाटकचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६५ चा, त्याखाली मालमत्ता कराबरोबर जमा होणारा ग्रंथालय उपकर सरकारी ग्रंथालय व्यवस्थेसाठी असतो. महाराष्ट्राचा १९६७ चा कायदा महाराष्ट्राच्या हद्दीपुरता. मधल्या संस्था सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर उभ्या आहेत. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं आहे. या भागातली वाचनाची परंपरा दोन्ही राज्यांपेक्षा जुनी आहे. अशा संस्थेला दर वर्षी परवान्याचं नूतनीकरण परवडत नाही. शिवाय सॉफ्टवेअर देणारा धंदा बंद करून गेला तर माहिती अडकून पडणं त्याहूनही परवडत नाही. कोहाची माहिती मार्क २१ या ग्रंथनोंदींच्या जगभरच्या नमुन्यात बाहेर काढता येते, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

शोध: जिथे सगळं अडतं

कोहाच्या पोटात झेब्रा नावाचं, शोधासाठी शब्दांची सूची बनवणारं यंत्र आहे. त्याची नेहमीची मांडणी युरोपीय लिप्या डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. देवनागरी आणि कन्नडसाठी त्याला जगभरच्या लिप्या ओळखणाऱ्या आयसीयू या पद्धतीवर आणावं लागतं. त्यासाठी सूचीच्या मांडणीच्या फाइलमध्ये अक्षरतक्त्याची जी ओळ असते ती काढून आयसीयूची ओळ घालायची आणि मग संपूर्ण सूची नव्याने बांधायची. काम अर्ध्या तासाचं, पण बसवून देणारे बरेच जण ते करतच नाहीत, कारण त्यांनी तपासताना इंग्रजी पुस्तकं शोधलेली असतात. 'क्षितिज' सापडलं नाही तर पहिला संशय इथे घ्यावा.

'दऱ्या' आणि 'ऱ्हास' मात्र आयसीयू करूनही चुकतात. आपला अर्धा ऱ संगणकात दोन प्रकारे साठवलेला असतो. एक प्रकार म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्यावर हलंत आणि पुढे य किंवा ह. दुसरा म्हणजे साधा र, हलंत, आणि मग एक अदृश्य जोडक. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, यंत्राच्या लेखी ते वेगवेगळे शब्द. जुन्या नोंदी बहुधा दुसऱ्या प्रकारात सापडतात. युनिकोडने, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक मानकाने, मराठीसाठी पहिला प्रकार सुचवलेला आहे, तोच धरावा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून 'जे' ही कळ दाबली की ऱ येतो.

जुनी यादी आत घेण्याआधी हे दुरुस्त करायचं, आणि क्रम चुकवायचा नाही. लिबरऑफिस कॅल्कमध्ये आधी 'र, हलंत, जोडक' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलंत' घाला. मगच उरलेले अदृश्य जोडक पुसा. उलट केलं तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, आणि डोंगरातल्या दऱ्यांवरचं पुस्तक समुद्राच्या यादीत जाऊन बसतं. एकदा असं झालं की मागे येता येत नाही, कारण कुठला 'र्य' मूळचा आणि कुठला बिघडलेला हे यंत्राला ओळखता येत नाही. ही पुसापुशी फक्त मराठी ओळींवर करायची. कन्नडमध्ये परभाषेतली नावं लिहिताना असं अदृश्य अक्षर मुद्दाम घालतात. ते पुसलं तर नावाचं जोडाक्षर होऊन बसतं आणि कन्नड वाचकाला ते चुकलेलं दिसतं.

'ॲलोपॅथी'चंही तसंच. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या नोंदींत अ वर वेगळी चंद्रकोर आहे. सगळीकडे एकसंध ॲ करून टाकावं, यात धोका नाही.

'संत', 'नाव', 'कोल्हापूर' ही अडचण वेगळ्या जातीची. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीच्या पुस्तकांवर 'नांव', 'कांहीं', 'कोल्हापुर' असं छापलेलं आहे. सीमाभागातल्या जुन्या वाचनालयांत अशी पुस्तकं शेकड्यांनी असतात. पुष्कळ जण नोंद करताना शीर्षक आजच्या नियमांप्रमाणे 'सुधारून' टाकतात. तसं करू नये. मार्क नोंदीत प्रत्येक माहितीच्या रकान्याला, म्हणजे क्षेत्राला, क्रमांक असतो; त्यातल्या शीर्षकाच्या २४५ क्षेत्रात मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर जसं छापलंय तसंच लिहावं, आणि आजचं रूप २४६ मध्ये, म्हणजे पर्यायी शीर्षकात द्यावं. शोध दोन्हींत होतो. पुस्तक हातात घेतल्यावर नोंद आणि पान जुळतं, आणि वाचकालाही ते सापडतं.

हेच २४६ क्षेत्र सीमाभागात आणखी एका कामाला येतं. इथली बरीच मुलं मराठी बोलतात, पण शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची. फोनवर ती रोमन अक्षरांत टाइप करतात. प्रत्येक मराठी पुस्तकाचं शीर्षक साध्या रोमन लिपीत, जसं मुलं चॅटमध्ये लिहितात तसं, २४६ मध्ये एकदा द्यावं. विद्यापीठी लिप्यंतराची ठिपके-रेषांची अक्षरं इथे कामाची नाहीत. एका पुस्तकाला अर्धा मिनिट जास्त लागतो, आणि तो कधीच वाया जात नाही.

बेळगाव, बेळगांव, बेळगावी

नववा शब्द भावनेचा आहे, म्हणून तो कॅटलॉगच्या नियमांनीच सोडवावा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं. पुस्तकांवर मात्र प्रकाशनस्थळ बेळगांव, बेळगाव, बेळगावी असं तिन्ही रूपांत छापलेलं आहे. प्रकाशनाच्या २६४ क्षेत्रात पुस्तकावर असेल तेच रूप यावं. त्यात कुणाचीच बाजू घेतली जात नाही. छापलेल्या पानाची ती प्रत आहे. विषय म्हणून शहराचं नाव द्यायचं असेल तेव्हा एकच अधिकृत नोंद, म्हणजे त्या नावाची सगळी रूपं एकत्र बांधणारी नोंद, करायची. १५१ मध्ये एक रूप, आणि बाकीची सगळी ४५१ मध्ये, कन्नड आणि रोमन लिपीतलीसुद्धा. १५१ मध्ये कुठलं घ्यायचं ते कार्यकारिणीने एकदा ठरवावं आणि पुन्हा त्यावर बैठक घेऊ नये. ४५१ नीट भरलेलं असेल तर वाचकाने काहीही टाइप केलं तरी तो त्याच यादीवर पोचतो.

पण इथे कोहाची एक खोच आहे. अधिकृत नोंदीतली पर्यायी रूपं पुस्तकांच्या शोधात आपोआप उतरत नाहीत. 'इन्क्लूड सी फ्रॉम इन सर्चेस' नावाची सेटिंग बंद असते, ती चालू करून सूची पुन्हा बांधावी लागते. हे केलं नाही तर तासन्‌तास बसून भरलेली पर्यायी रूपं नुसती पडून राहतात.

लेखकांच्या बाबतीत हीच सोय फार मोलाची. कुसुमाग्रज शोधणारा आणि शिरवाडकर शोधणारा एकाच ठिकाणी यायला हवा. आपल्या भागाचं खास उदाहरण द. रा. बेंद्रे यांचं. घरी मराठी, काव्य कन्नड, टोपणनाव अंबिकातनयदत्त, आणि थोडं लेखन मराठीतही. त्यांची देवनागरी, कन्नड आणि रोमन रूपं एकाच अधिकृत नोंदीखाली बांधली की मराठी कपाटासमोर उभ्या असलेल्या वाचकाला कन्नड कपाटातली पुस्तकंही दिसतात. ड्यूईच्या ग्रंथ-वर्गीकरण पद्धतीत मराठी कादंबरी ८९१.४६३ वर आणि कन्नड कादंबरी ८९४.८१४३ वर, कपाटात त्या कधीच शेजारी येत नाहीत. कॅटलॉगात येऊ शकतात. अनुवादासाठी ७६५ क्षेत्रात मूळ भाषेतल्या ग्रंथाची नोंद द्यावी आणि अनुवादकाचं नाव ७०० मध्ये. ००८ क्षेत्रातला भाषेचा तीन अक्षरी संकेत (मराठीला 'एम-ए-आर', कन्नडला 'के-ए-एन') चुकवू नये. भाषेनुसार गाळणी लावली की कोहा तोच संकेत बघतं, आणि घाईत तिथे इंग्रजीचा संकेत राहून जाणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

क्रमवारी हा मात्र न सुटलेला भाग. युनिकोडच्या क्रमाने ळ हा ल नंतर येतो आणि क्ष हा क खाली जातो. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी. छापील यादी काढायची असेल तर ती कोहातून काढून लिबरऑफिसमध्ये मराठी क्रम लावून घ्यावी लागते.

जुन्या याद्या आत घेताना

बहुतेक वाचनालयांकडे एखादी एक्सेल यादी आधीची असतेच. ती बहुधा श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या फाँटमध्ये असते आणि कन्नड भाग नुडी किंवा बरहमध्ये. फाँट बदलला की सगळं अगम्य इंग्रजी अक्षरांत दिसतं, कारण खाली तीच साठवलेली असतात. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण एका पत्रकात दोन्ही भाषा मिसळलेल्या असतील तर आधी ओळी भाषेनुसार वेगळ्या करा. मराठीच्या साधनातून कन्नड ओळी गेल्या की त्यांचा कचरा होतो आणि मूळ पत्रक जपून ठेवलेलं नसेल तर ती माहिती संपली. रूपांतरानंतर रफार आणि पहिली वेलांटी कुठे पडली ते बघा. साधारण १०० ओळी कुठूनही उचलून पुस्तकाशी ताडून पाहिल्या की एकूण दर्जा कळतो. शंभरात दहा चुका निघाल्या तर नव्याने टाइप करणं स्वस्त पडतं.

एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत जतन केलं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. यूटीएफ-८ असं नाव असलेला सीएसव्हीचा प्रकार निवडावा. दाखलांकाचा (पुस्तक दाखल करताना दिलेल्या क्रमांकाचा) रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवावा, नाहीतर ०००१२३ चा १२३ होतो आणि बारकोड जुळत नाही. मार्कएडिट या साधनाने मार्क फाइल बनवताना नोंदीच्या सुरुवातीच्या शीर्षकपट्टीतलं (लीडरमधलं) नववं स्थान युनिकोड दाखवणारं आहे ना हे तपासावं. ते रिकामं राहिलं तर कोहा मजकूर चुकीचा वाचतं. पहिल्या खेपेला २० नोंदीच घ्याव्यात. आयात केलेली तुकडी मागे घेण्याची सोय कोहात आहे, पण त्या तुकडीतली पुस्तकं देवघेवीत गेल्यावर ती सोय उपयोगाची राहत नाही.

तयार नोंदी दुसऱ्या ग्रंथालयांतून ओढून घेण्याची सोय इंग्रजी पुस्तकांसाठी उत्तम चालते. मराठीसाठी फारशी नाही. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नाही, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून आलेल्या मराठी नोंदी पुष्कळदा रोमन लिपीत असतात. ती रोमन नोंद तशीच ठेवली तर देवनागरीत शोधणाऱ्याला पुस्तक दिसणार नाही. तेव्हा टाइप करायची तयारी हवी. सवय झालेला माणूस दिवसाला ४० ते ५० नोंदी नीट करतो. दहा हजार पुस्तकांना त्या हिशोबाने २०० ते २५० कामाचे दिवस लागतात. कुणी महिन्यात करून देतो म्हणाला तर तो फक्त शीर्षक, लेखक आणि किंमत भरणार आहे असं समजा.

फोनच्या कॅमेऱ्याने शीर्षकाचं पान टिपून मजकूर उचलता येतो, त्याने वेळ वाचतो. ऱ, ळ आणि जुने अनुस्वार डोळ्यांनी तपासायचे. एआय चॅटबॉटला मात्र पुस्तकाचं साल, आयएसबीएन किंवा प्रकाशक विचारू नये. मराठीतल्या कमी खपाच्या पुस्तकांबद्दल तो आत्मविश्वासाने खोटं सांगतो, आणि एकदा कॅटलॉगात शिरलेलं खोटं साल पुढच्या सगळ्या याद्यांत जातं. नोंद फक्त शीर्षकाच्या पानावरून आणि त्याच्या मागच्या पानावरून. वाचकही हल्ली चॅटबॉटने दिलेल्या याद्या घेऊन येतात, त्यांतली काही पुस्तकं अस्तित्वातच नसतात. अशा वेळी खरी नोंद असलेला कॅटलॉग हाच ग्रंथपालाचा आधार, म्हणून तो निर्मळ राहायला हवा.

बारकोड आणि पावसाळा

सॉफ्टवेअरपेक्षा लेबलांनी जास्त त्रास होतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात साध्या कागदी स्टिकरचा गोंद सुटतो. उष्णतेने काळी होणारी थर्मल लेबलं त्याहून वाईट. काही महिन्यांत ती फिकी पडतात आणि स्कॅनर वाचत नाही. रिबन वापरणारा थर्मल ट्रान्सफर प्रिंटर, रेझिनची रिबन आणि प्लास्टिकची लेबलं घ्यावीत. ५० बाय २५ मिलिमीटर आकार पुरतो. बारकोडचा कोड १२८ प्रकार निवडावा, तो कोड ३९ पेक्षा कमी जागा घेतो. बारकोड म्हणजे दाखल नोंदवहीतला दाखलांकच, सहा आकडी, अक्षरं न लावता. वेगळा क्रमांक काढला की आयुष्यभर दोन वह्या जुळवत बसावं लागतं. एक लेबल शीर्षकाच्या पानावर आणि दुसरं आत ठरलेल्या एका पानावर. बांधणी करताना कव्हर गेलं तरी पुस्तक ओळखता यावं.

पुस्तकाच्या कण्यावरची लेबलं कोहातून काढू नयेत. त्यातला लेबल बनवणारा भाग देवनागरी जोडाक्षरं नीट बसवत नाही, वेलांट्या सुटून पडतात. वर्गांकांची यादी बाहेर काढून लिबरऑफिसमधून छापावी.

देवघेव, वर्गणी, दिवाळी अंक

देवघेव हा कोहाचा सगळ्यात पक्का भाग. सभासदाचा प्रकार आणि पुस्तकाचा प्रकार यांच्या जोडीवर नियम ठरतात. पुस्तकाला १५ दिवस, मासिकाला ७ दिवस, संदर्भग्रंथ घरी नाही, असं एकदा भरलं की विसरून जायचं. सुट्ट्यांचं कॅलेंडर आधी भरावं आणि परतीची तारीख व दंड दोन्ही कॅलेंडरप्रमाणे मोजण्याच्या दोन वेगवेगळ्या सेटिंग्ज लावाव्यात. एकच लावली तर गणपतीच्या सुट्टीचा दंड सभासदाच्या नावावर चढतो आणि काउंटरवर वाद होतो.

आपल्याकडची मासिक वर्गणी आणि अनामत मात्र कोहाला कळत नाही. त्याला सभासदत्वाचं शुल्क आणि मुदत एवढंच ठाऊक. यावर उपाय असा: ३, ६ आणि १२ महिन्यांचे सभासद प्रकार वेगळे करा, प्रत्येकाला शुल्क आणि मुदत द्या, मुदत संपली की पुस्तक देताना कोहा अडवतं. अनामतीसाठी स्वतंत्र जमा-नावे प्रकार तयार करून ती हाताने नोंदवा. पण खजिनदाराची रोजकीर्द वेगळीच ठेवा. कोहाच्या हिशोबावर लेखापरीक्षण करून घ्यायचा प्रयत्न करू नये.

दिवाळी अंकांसाठी नियतकालिकांचा मोठा विभाग उघडायची गरज नाही. एका अंकाच्या नावाची एकच नोंद, आणि दर वर्षीचा अंक ही त्याखालची एक प्रत, प्रतीच्या माहितीच्या ९५२ क्षेत्रातल्या अंकक्रमाच्या जागी साल. दिवाळीच्या आठवड्यात एकदम दीडशे अंक येतात तेव्हा ही पद्धत वाचवते. नव्या नोंदी करायच्या नसतात, फक्त प्रती जोडायच्या.

परतीची आठवण ईमेलने मोफत जाते. एसएमएससाठी दूरसंचार नियमांप्रमाणे मजकुराची डीएलटी नोंदणी, म्हणजे दूरसंचार कंपनीकडे आधी नोंद, लागते. लहान वाचनालयाला ती खटपट झेपत नाही. थकलेल्या पुस्तकांची यादी दर शनिवारी काढून फोन करणं सोपं.

मराठी आणि कन्नड पडदे आहेत, पण भाषांतर अपुरं. अर्धी बटणं इंग्रजीत राहतात. वाचकांच्या पडद्यावरच्या नेहमीच्या ३०-४० शब्दांचं भाषांतर आधी पुरं करावं, कर्मचाऱ्यांचा भाग इंग्रजीत चालतो.

यंत्र, वीज, बॅकअप

एका साध्या डेस्कटॉपवर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर, डेबियन किंवा उबंटूवर कोहा व्यवस्थित चालतं. यूपीएस हवाच. वीज अचानक गेली की झेब्राची सूची बिघडते आणि 'एकही पुस्तक सापडलं नाही' असं दिसतं. घाबरू नये. खरी माहिती मारियाडीबी या डेटाबेसमध्ये सुरक्षित असते, सूची त्यावरून पुन्हा बांधता येते. दहा हजार नोंदींना काही मिनिटं पुरतात. तेवढा वेळ देवघेव कागदावर लिहावी.

कोहा रोज रात्री बॅकअप घेतं, पण मूळ मांडणीत दोनच दिवसांचे ठेवतं, तेही त्याच यंत्रावर. शुक्रवारी कुणी चुकून शंभर नोंदी पुसल्या आणि मंगळवारी लक्षात आलं, तर काहीच उरलेलं नसतं. मुदत ३० दिवस करा आणि दोन बाहेरच्या डिस्क आळीपाळीने वापरा, एक इमारतीबाहेर. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला. त्यांनी खंडणी दिली नाही, पण कॅटलॉग फक्त वाचण्यापुरता परत यायला जानेवारी २०२४ उजाडलं. जोडलेली डिस्क यंत्राबरोबरच कुलूपबंद होते, म्हणून दुसरी डिस्क काढून ठेवलेली हवी. वर्षातून दोनदा दुसऱ्या संगणकावर बॅकअप उघडून तेच दहा शब्द शोधून बघावेत.

कॅटलॉग इंटरनेटवर ठेवायचा असेल तर कर्मचाऱ्यांचा पडदा बाहेर उघडा ठेवू नका. हल्ली एआय कंपन्यांचे बॉट कॅटलॉगच्या प्रत्येक गाळणीची प्रत्येक लिंक उघडत बसतात, आणि छोटा भाड्याचा सर्व्हर त्याखाली झोपतो. गाळण्या बंद ठेवणं किंवा शोधासाठी सभासद क्रमांक मागणं हे दोन्ही उपाय चालतात. पहिला बरा, सभासद नसलेल्याला दार बंद करणं वाचनालयाला शोभत नाही.

सभासदाच्या माहितीत आधार क्रमांक कधीही भरू नये. डिजिटल व्यक्तिगत माहितीचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण कायदा नसता तरी हे पाळायला हवं होतं. कोहा कोणी काय वाचलं याचा इतिहास साठवत जातं. परत आलेल्या पुस्तकांचा संबंध सभासदाच्या नावापासून तोडणारं काम दर महिन्याला लावून ठेवावं. त्यासाठी आधी एक निनावी सभासद तयार करून त्याचा क्रमांक सेटिंगमध्ये द्यावा लागतो. ज्या भागात भाषेवरून पाट्या बदलतात आणि मोर्चे निघतात, तिथे कोण कुठल्या भाषेतलं काय वाचतो ही नोंद कुणाच्याही हाती पडण्याजोगी असता कामा नये.

बसवून देणाऱ्याशी करार करताना तीन गोष्टी लिहून घ्या: मूळ पासवर्ड संस्थेकडे, डेटाबेसची प्रत दर महिन्याला संस्थेकडे, आणि आयसीयू चालू करून दहा शब्दांची चाचणी पार पडल्यावरच शेवटचा हप्ता. बाकी शिकवणी, रंग, बोधचिन्ह यावर घासाघीस करत बसू नये.

कोहात एक गोष्ट नाही, आणि ती कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नसेल: आपल्या पुस्तकांच्या देवनागरीतल्या नीट नोंदी. त्या आपल्यालाच करायच्या आहेत. पण प्रत्येकाने सगळ्या करायची गरज नाही. येळ्ळूर, कडोली, उचगावची साहित्य संमेलनं वर्षानुवर्षं भरतात, तिथे विकली जाणारी पुस्तकं चार-पाच वाचनालयांत एकसारखीच येतात. खानापूरने महिन्याभराच्या नव्या नोंदींची मार्क फाइल पेन ड्राइव्हवर निपाणीला दिली तर निपाणीचं तेवढं टाइपिंग वाचतं. निर्यातीच्या पडद्यावर प्रती वगळण्याची खूण आहे, ती करायला विसरू नये. नाहीतर निपाणीच्या कॅटलॉगात खानापूरच्या कपाटातलं पुस्तक 'उपलब्ध' दिसू लागेल आणि वाचक ते मागायला काउंटरवर येईल.